स्टोअर्स बंद होतं तेव्हा एक फेरी बंद होते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडमधलं, घरापासून चालत जाण्यासारखं तीन मजली स्टोअर्स दीड वर्षापूर्वी बंद झालं. लागेल ती वस्तू आता मोबाइलवरून घरी येते, तरी सासूबाईंची रुखरुख जात नाही आणि त्यांचं बाहेर पडणंही कमी झालंय. आजूबाजूची छोटी दुकानं मलूल दिसतात. हे नुसतं हळवेपण आहे की दुकान गेल्याचा खरोखर काही टिकणारा परिणाम होतो? होत असेल तर तो किती काळ राहतो, आणि काय करता येईल?

मी तीन दशकांहून जास्त काळ पुण्यातल्या किरकोळ व्यापारात आहे. सुरुवात काउंटरवर झाली, मग एका मोठ्या स्टोअर्सची खरेदी सांभाळली आणि आता जुन्या कौटुंबिक दुकानांना सल्ला देते. दुकान चालू कसं ठेवायचं हे त्यात येतं, आणि ठेवता येत नसेल तर बंद कसं करायचं हेही येतं. त्या अनुभवावरून सांगते, सासूबाईंचं बरोबर आहे. परिणाम होतो आणि तो पुष्कळ टिकतो. वस्तू मिळतात की नाही याच्याशी मात्र त्याचा संबंध फार थोडा असतो.

स्टोअर्स बंद झालं की घराघरांत पहिली चर्चा वस्तूंचीच होते. अस्तराचं कापड आता कुठून आणायचं, मुलांचे गणवेश कुठे मिळतील, कुकरची रिंग कोण ठेवतं? याची उत्तरं महिना-दोन महिन्यांत सापडतात. सापडत नाही ती फेरी. सासूबाई आठवड्यातून एकदा-दोनदा ‘जरा स्टोअर्समध्ये जाऊन येते’ म्हणून निघत असतील. वाटेत पिको-फॉलला साडी टाकायची, स्टोअर्सचे दोन मजले चढायचे, काउंटरवरच्या बाईंशी बोलायचं, तिथेच एखादी जुनी शेजारीण भेटायची, परत येताना भाजी, रक्तदाबाच्या गोळ्या, देवाला फुलं. दीड-दोन तास जायचे. चिठ्ठीवर लिहिलेली वस्तू हा त्यातला सगळ्यात लहान भाग होता.

पण त्या लहान भागावाचून बाकीचं घडत नसे. आज सत्तरीत असलेल्या बहुतेक बायकांना ‘सहज बाहेर जाऊन येते’ असं म्हणायची सवय नाही. त्यांच्या तरुणपणी पुरुष कट्ट्यावर किंवा हॉटेलात तासन्‌तास बसले तरी कोणी विचारत नसे. बाईला मात्र घराबाहेर पडायला काम लागे. एक तर देऊळ, नाही तर बाजार. स्टोअर्सनं ते काम वर्षानुवर्षं पुरवलं. दहा रुपयांचं इलॅस्टिक हे बाहेर पडायला पुरेसं कारण होतं. घरातल्या कोणी प्रेमानं ते इलॅस्टिक मोबाइलवर मागवून दिलं की अडचण सुटते आणि कारणही संपतं. त्यांचं बाहेर पडणं कमी झाल्याचं तुम्ही लिहिलंय, त्यामागे मला हेच दिसतं. गुडघे दुखणं वगैरे असेलही, पण गुडघे दीड वर्षापूर्वीही दुखत असणार.

बाजारात न मिळणाऱ्या आणखी काही सोयी तिथे होत्या. एकच भाव. तुळशीबागेत घासाघीस करायला अंगात जोर लागतो. ज्याला ते जमत नाही त्याला ठरलेल्या भावाचं दुकान म्हणजे मोठा दिलासा. चिठ्ठी देऊन दहा वर्षांच्या मुलाला एकटं पाठवता येई, कोणी फसवणार नाही याची खात्री असे. बसायला स्टूल, प्यायला पाणी आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाला वापरू दिलं जाणारं स्वच्छतागृह. बाजारात बाईनं निर्धास्तपणे जावं असं स्वच्छतागृह शोधणं पुण्यात आजही सोपं नाही, आणि वय वाढलेल्या माणसाची फेरी किती लांबची असेल हे बऱ्याचदा तेवढ्यावरच ठरतं.

शेजारच्या दुकानांचं मलूल होणंही याच फेरीतून येतं. माणूस घराबाहेर पडतो एका कामासाठी आणि उरकून येतो चार. त्या चार कामांपैकी ज्याच्यासाठी तो उठतो, त्या दुकानाची ओढ बाकी तिघांना पोसते. मॉलवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून मॉलमधल्या मोठ्या दालनाला भाडं सवलतीत दिलं जातं आणि त्याच्या ओढीनं येणाऱ्या गर्दीवर जगणाऱ्या लहान गाळ्यांकडून चौरस फुटाला जास्त घेतलं जातं. २०११ मध्ये विमाननगरला फिनिक्स मार्केटसिटी आणि हडपसरला अमनोरा हे मॉल उघडले, तेव्हा हा हिशेब पुण्यातही कागदावर आला. तुमच्या रस्त्यावर तो कोणी कागदावर लिहिला नव्हता. पिको-फॉलवाला, कोपऱ्यावरचा शिंपी, गजरेवाली, रिक्षा स्टँड, उसाचं गुऱ्हाळ हे सगळे स्टोअर्सच्या ओढीवर चालत होते आणि त्याबद्दल कोणी कोणाला काही देत नव्हतं. त्यामुळे ओढ गेली तेव्हा नेमकं काय गेलं, हे त्यांनाही चटकन कळलं नसेल. पहिले काही महिने असे दुकानदार म्हणतात की यंदा सीझनच बरा नाही.

आता खरेदी विभागात बसणाऱ्याला रोज दिसणारी आणि गिऱ्हाइकाला सहसा न दिसणारी एक गोष्ट सांगते, कारण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. दुकानात दोन प्रकारचा माल असतो. एक पळणारा: साबण, टूथपेस्ट, वह्या, बनियन, दिवाळीत उटणं आणि पणत्या. दुसरा बसून राहणारा: मोठ्या मापाचे सुती परकर, नऊवारी, पंचे, गांधी टोप्या, विणकामाच्या सुया, कढईच्या मुठी, बंद पडलेल्या मॉडेलच्या कुकरच्या रिंगा आणि शिट्ट्या, गंजाची झाकणं. समजा साबणात घातलेले दहा हजार रुपये वर्षात बारा वेळा फिरले, तर कढईच्या मुठींत घातलेले दहा हजार जेमतेम एकदा फिरतात. नुसता हिशेब केला तर मुठी ठेवूच नयेत. तरीही चांगलं स्टोअर्स त्या ठेवतं. मूठ न्यायला आलेली बाई साबणही घेऊन जाते, आणि ‘तिथे हमखास मिळेल’ हा विश्वास अशा मुठींवरच उभा राहतो. पळणाऱ्या मालाच्या नफ्यातून बसणारा माल सांभाळला जातो.

दुकानांच्या मोठ्या साखळ्या आणि दहा मिनिटांत घरी पोचवणाऱ्या कंपन्या आधी पळणारा माल उचलतात. त्यांचं गोदाम लहान, जागेचं भाडं भरमसाट, त्यांना दुसरं परवडणारच नाही. पळणारा माल तिकडे वळला की स्टोअर्सकडे गिऱ्हाईक येतं ते फक्त मुठीसाठी, आणि मुठींवर पगार निघत नाहीत. स्टोअर्स तिथे खचतं. ते बंद झाल्यावर पळणारा माल दहा ठिकाणी मिळतो. बसणारा माल मात्र त्या परिसरातून उठतो तो कायमचा. ऑनलाइन मिळतो, हे खरं आहे. पण ऑनलाइन रिंग मागवायला कुकरचं मॉडेल माहीत असावं लागतं, आणि पंचवीस वर्षं वापरलेल्या कुकरवरचे आकडे पुसून गेलेले असतात. काउंटरवर जुनी रिंग ठेवली की काम होत असे. समोरचा माणूस ती बोटांत फिरवून बघायचा आणि वरच्या कप्प्यातून बरोबर तीच काढून द्यायचा. आता रिंग मिळत नाही म्हणून कुकर मोडीत जातो आणि मूठ नाही म्हणून चांगली बिडाची कढई माळ्यावर पडते. वस्तू दुरुस्त करून वापरण्याची सवय अशी एकेका सुट्या भागानं मोडते. पुढच्या पिढीला तर हे भाग वेगळे मिळतात हेच माहीत नसतं.

त्या कप्प्यामागच्या माणसाकडे जे ज्ञान होतं तेही याच्यातलंच. कुठल्या शाळेच्या गणवेशाचा कपडा धुतल्यावर आटतो, कुठल्या घरात लग्न ठरलंय, कोणाला बारीक काठ लागतात, कोण दोन हप्त्यांत पैसे देईल पण नक्की देईल. हे कुठल्याही संगणकात नोंदलेलं नव्हतं. माणूस घरी गेला आणि ते त्याच्याबरोबर गेलं.

बंद का होतात, हेही सांगायला हवं, कारण याबाबत गैरसमज फार आहेत आणि त्यांचा त्रास चुकीच्या माणसांना होतो. लोक म्हणतात ऑनलाइननं मारलं. मी जवळून पाहिलेल्या दुकानांत ते एकमेव कारण क्वचितच होतं. बऱ्याच ठिकाणी मुलं शिकून दुसऱ्या कामात गेलेली असतात. आठवड्याचे सहा दिवस सकाळी दहा ते रात्री नऊ उभं राहण्याचं आयुष्य त्यांना नको असतं, आणि त्यांना ते नको असण्यात काही गैर नाही. दुसरीकडे जागेची किंमत इतकी वाढलेली असते की धंद्याचं वर्षाचं उत्पन्न तिच्यापुढे किरकोळ वाटतं. भावाभावांत वाटणी व्हायची असेल तर चालू दुकान तीन भागांत कापता येत नाही, विकलेल्या जागेचे पैसे कापता येतात.

जागा भाड्याची असेल तर आणखी एक गोष्ट येते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या संरक्षित भाडेकरूचं भाडं त्याप्रमाणे वर्षाला चार टक्क्यांनीच वाढवता येतं. पण बँका आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील तर त्यांना हे संरक्षण नाही. त्यांच्याकडून बाजारभावानं भाडं घेता येतं. घरमालकाच्या बाजूनं विचार केला तर जुनं दुकान जाऊन तिथे बँक येणं त्याला का हवंसं वाटतं, हे कळतं. मध्यवर्ती रस्त्यांवर ओळखीच्या दुकानाच्या जागी एटीएम, मोबाइलचं दालन किंवा सोन्याची पेढी का दिसते याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

हे एवढ्यासाठी सांगितलं की जुनी गिऱ्हाइकं मनातल्या मनात स्वतःला दोष देत राहतात. ‘आपणच जाणं कमी केलं, आपणच मोबाइलवरून मागवलं’ असं सासूबाईंच्या मनात असेल तर त्यांना सांगा की तुमच्या दोन-चार फेऱ्यांनी ते दुकान तरलं नसतं. जागा, वारसा आणि भांडवल यांचा तो निर्णय होता.

किती काळ परिणाम राहतो? इथे दोन प्रकार वेगळे करायला हवेत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या, दुकानांतला माल चिखलात गेला. तरीही पुष्कळ दुकानं पुन्हा उभी राहिली, कारण मालक तोच होता, जागा तीच होती आणि गिऱ्हाईकही तेच होतं. त्या पेठांतली जी कुटुंबं पूरग्रस्त म्हणून गोखलेनगर, सहकारनगरसारख्या वसाहतींत गेली आणि पुढच्या दशकांत जी कोथरूड, कर्वेनगरकडे सरकली, त्यांच्यामागून बाजारही सरकला. पेठेतल्या माणसाला प्रत्येक वस्तूसाठी वेगळं दुकान होतं. उपनगरातल्या माणसाला दर वेळी लक्ष्मी रस्ता गाठणं परवडेना, म्हणून एका छताखाली सगळं देणाऱ्या स्टोअर्सना तिथे जागा मिळाली. नुकसानीतून दुकान उठू शकतं. मालकानं ठरवून बंद केलेलं दुकान उठत नाही. त्या जागी काहीतरी वेगळं येतं, आणि ते काय येतं यावर पुढची दहा-वीस वर्षं ठरतात.

काहीच आलं नाही तर काय होतं याचं जगातलं मोठं उदाहरण अमेरिकेतल्या डेट्रॉइटमधलं आहे. तिथलं हडसन्स हे गावाच्या मध्यावरचं अवाढव्य स्टोअर्स १९८३ मध्ये बंद झालं, इमारत १९९८ मध्ये पाडली आणि त्या जागेवर नवं बांधकाम सुरू व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. शिकागोत वेगळंच घडलं. मार्शल फील्ड्स हे तिथलं लाडकं स्टोअर्स २००६ मध्ये मेसीज नावानं चालू राहिलं. इमारत तीच, दारावरचं मोठं घड्याळ तेच, तरी लोक जुनं नाव परत द्या म्हणून फलक घेऊन रस्त्यावर उभे राहिले. आपल्याकडे दिल्लीत १९६६ मध्ये सरकारच्या पुढाकारानं सुरू झालेलं सहकारी सुपर बझार २००२ मध्ये गुंडाळलं गेलं आणि तिथल्या कामगारांचा लढा त्यानंतरही वर्षानुवर्षं कोर्टात चालू राहिला. पुण्यात जागा सहसा रिकामी राहत नाही, हे आपलं नशीब. पण तुमच्या स्टोअर्सच्या जागी बँक आणि वर कोचिंग क्लास आला असेल, तर तिथे गर्दी दिसेल आणि तरी शेजारचा शिंपी रिकामा बसेल. क्लासला येणारी मुलं साडीला फॉल लावत नाहीत.

माझ्या पाहण्यात पहिला धक्का पहिल्या सीझनला बसतो: जूनमध्ये शाळा सुरू होताना आणि दिवाळीत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापर्यंत छोट्या दुकानांपैकी काही जागा बदलतात, काही मालाचा प्रकार बदलतात. त्यानंतर रस्त्याची नवी सवय बसते. ज्यांना नवीन सवय लावून घेणं जड जातं, म्हणजे म्हातारी माणसं, एकटी राहणारी माणसं, मोबाइलवर पैसे द्यायला घाबरणारी माणसं, त्यांच्यापुरता परिणाम आपोआप ओसरत नाही. तो कोणीतरी मुद्दाम हात दिला तरच ओसरतो.

मग करायचं काय? सासूबाईंपासून सुरुवात करा. वस्तू मागवून देणं थोडं कमी करा. हे कठोर वाटेल, पण कारण परत मिळवून द्यायचं असेल तर दुसरा रस्ता नाही. घरातल्या दोन-तीन गोष्टी त्यांच्याकडेच सोपवा, ज्या हाताळून, निवडून आणायच्या असतात: अस्तर, दोरे, उपासाचं सामान, नातवंडांचे मोजे. पहिल्या काही वेळा तुम्ही बरोबर जा आणि वाट ठरवून घ्या, कुठे बसता येईल आणि स्वच्छतागृह कुठे आहे तेही बघून ठेवा. नवीन दुकानातल्या एकाच माणसाशी ओळख व्हायला हवी. एकदा त्यानं नावानं हाक मारली की पुढचं सोपं होतं.

जरा लांबची फेरीही आता जमण्यासारखी आहे. २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत धावते. वनाझ, आनंदनगर, आयडियल कॉलनी किंवा नळ स्टॉपला बसायचं, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची आणि मंडईला उतरायचं. सरकते जिने आणि लिफ्ट आहेत. तुळशीबाग, बोहरी आळी, लक्ष्मी रस्ता तिथून चालण्याच्या टप्प्यात. बसणारा माल पुण्यात अजून कुठे टिकून असेल तर तो याच गल्ल्यांत, कारण तिथे एकेक दुकान एकाच प्रकारच्या मालावर जगतं. कुकरच्या रिंगेसाठी आणि कढईच्या मुठीसाठी भांड्यांच्या दुकानांत जुना नमुना घेऊन जा. गर्दी टाळायची असेल तर सकाळी दुकानं उघडतानाची वेळ बरी, आणि गणपती-दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस नको. टिळक रस्त्यावरची ग्राहक पेठही दाखवून आणा. ग्राहक चळवळीतून उभं राहिलेलं ते दुकान आहे, आणि सासूबाईंच्या पिढीला तिथली मांडणी परकी वाटणार नाही.

सोसायटीत आठ-दहा घरं तयार असतील तर मुंबई ग्राहक पंचायतीची पद्धत समजून घ्या. १९७५ पासून ते शेजाऱ्यांचा संघ करून महिन्याचा माल एकत्र मागवतात आणि एका घरी आणून वाटून घेतात. भावातल्या फायद्यापेक्षा मला त्यातलं दुसरं आवडतं: माल वाटायला महिन्यातून एकदा सगळ्यांना एका घरात जमावं लागतं, याद्या जुळवाव्या लागतात, कोणाचं काय राहिलं ते बघावं लागतं. सासूबाईंसारख्या हिशेबी बाईकडे अशा संघाची यादी सोपवलीत तर त्यांना नुसतं गिऱ्हाईक असण्यापेक्षा मोठं काम मिळेल.

शेजारच्या दुकानदारांना एकच सांगावंसं वाटतं. बंद झालेल्या स्टोअर्समधला बसणारा माल आपापसांत वाटून घ्या. एकट्यानं सगळा ठेवायला परवडणार नाही, पण पिको-फॉलवाल्यानं अस्तर, परकर आणि दोरे ठेवले, भांडीवाल्यानं रिंगा आणि मुठी ठेवल्या, स्टेशनरीवाल्यानं गणवेशाच्या ऑर्डर घेतल्या आणि प्रत्येकानं ‘हे अमक्याकडे मिळेल’ अशी छोटी पाटी लावली, तर फेरीला पुन्हा कारण मिळतं. हे मी मनानं सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका स्टोअर्सच्या वयस्कर मालकांनी बंद करायचं ठरवल्यावर मला बोलावलं. त्यांनी सहा महिने आधी दारावर सूचना लावली. बसणारा माल सेलमध्ये कवडीमोलानं न फुंकता शेजारच्या चार दुकानांना घाऊक भावात दिला, सोबत पुरवठादारांचे फोन नंबर दिले. मापांची वही शिंप्याकडे सोपवली. उधारीच्या वहीतल्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना स्वतः फोन करून हिशेब मिटवला, काहींचा सोडून दिला. शेवटच्या आठवड्यात काउंटरवरची माणसं गिऱ्हाइकांना हाताला धरून शेजारच्या दुकानांत नेऊन ओळख करून देत होती. त्या रस्त्यावरची गर्दी ओसरली खरी, पण मी पाहिलेल्या इतर ठिकाणांइतकी नाही. तुमच्या ओळखीत कोणी दुकान आवरायच्या विचारात असेल तर त्यांना हे जरूर सांगा. शेवटच्या सेलमधून चार पैसे कमी मिळतील, पण इतक्या वर्षांची ओळख वाऱ्यावर जाणार नाही.

आणि काउंटरवरची माणसं. तुमच्या प्रश्नात त्यांचा उल्लेख नाही, पण सगळ्यात खोल परिणाम त्यांच्यावर होतो. अशा स्टोअर्समध्ये बारावी झालेल्या मुली पहिल्या नोकरीला लागत. गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं, माल लावायचा कसा, गल्ला मिळवायचा कसा हे त्या तिथे शिकत. काहींनी त्याच शिकवणीवर स्वतःची दुकानं काढली. ज्या राहिल्या त्या पन्नाशीला पोचल्या, आणि त्या वयात मॉल त्यांना घेत नाही.

सासूबाईंशी बोलणाऱ्या त्या बाईंचा फोन नंबर असेल तर फोन करा आणि सरळ विचारा, ग्रॅच्युइटी मिळाली का. कायम नोकरीत सलग पाच वर्षं झालेल्या माणसाला प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम मिळायला हवी. शेवटच्या पगाराला पंधरानं गुणायचं, सव्वीसनं भागायचं आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचं. दुकानात एकदा दहा माणसं असली की हा नियम लागू होतो, आणि नंतर माणसं कमी झाली म्हणून तो सुटत नाही. बंद होताना शेवटी सहाच जण उरले होते, म्हणून तुम्हाला काही मिळणार नाही, असं पुष्कळांना सांगितलं जातं आणि ती बिचारी मानतात. रक्कम तीस दिवसांत द्यावी लागते, उशीर झाला तर व्याजासह. प्रॉव्हिडंट फंड कापला जात असेल तर यूएएन नंबर (फंडाच्या खात्याचा कायमचा नंबर) चालू आहे का ते बघायला सांगा. एकूण दहा वर्षं भरली असतील तर ५८ व्या वर्षापासून पेन्शनही बसते, आणि दहा वर्षं भरायच्या आत फंडाचे पैसे घाईनं सगळे काढून घेताना पेन्शनची सेवा मोडली तर फार मोठं नुकसान होतं. पगाराच्या पावत्या, हजेरीकार्ड, नेमणुकीचं पत्र, बँकेच्या पासबुकातल्या नोंदी, जे असेल ते घेऊन त्यांना कामगार खात्याच्या पुण्यातल्या कार्यालयात चौकशी करायला सांगा. दीड वर्ष झालं म्हणून हक्क गेला असं समजून घरी बसू नका म्हणावं. उशीर का झाला ते अर्जात लिहिता येतं. तुम्ही बरोबर गेलात तर फार बरं होईल, कारण आयुष्यभर समोरच्याला हवं ते काढून देणाऱ्या या बायकांना स्वतःसाठी मागायला जड जातं.